तेलाचं सोवळं

पामतेलाच्या व्यापारात 'मास बॅलन्स' नावाची एक पद्धत आहे. जंगल न तोडता, मजुरांना न नाडता पिकवलेलं प्रमाणित तेल आणि असं कुठलंही प्रमाणपत्र नसलेलं तेल एकाच टाकीत ओतलं तरी चालतं. शंभर टन प्रमाणित तेल आत आलं असेल, तर शंभर टनच 'प्रमाणित' म्हणून विकायचं. हिशेब चोख. पण आपल्या साबणाच्या वडीत कुठल्या मळ्यातला थेंब आला, हे कोणीच सांगू शकत नाही.

ही लबाडी आहे, असं अनेकांचं म्हणणं आहे. मला तसं वाटत नाही. गावच्या डेअरीत प्रत्येकाच्या दुधाचं फॅट वेगळं मोजतात, पैसेही त्याप्रमाणे देतात. दूध मात्र एकाच टाकीत जातं. ज्याचं दूध चांगलं त्याला त्याचं मोल मिळालं की झालं. यावर कोणी म्हणेल, पातळ दुधात पाप नसतं, जाळलेल्या जंगलात असतं. खरंय. पण मग प्रश्न असा उरतो, की मला ते पाप कमी व्हायला हवंय, की फक्त माझ्या पुड्यात यायला नकोय?

या दोन इच्छा एक नव्हेत. दुसरीला आपल्याकडे जुना शब्द आहे : सोवळं. विटाळ माझ्यापर्यंत पोचू नये एवढंच सोवळ्याला बघायचं असतं. उंबऱ्यापलीकडे काय चाललंय याच्याशी त्याला देणंघेणं नसतं. त्या आग्रहाचा इतिहासही काही अभिमानाने सांगावा असा नाही.

पामच्या फळांचे घड तोडल्यावर साधारण दिवसभरात गिरणीत पोचावे लागतात, नाहीतर तेलातली आम्लता वाढते. त्यामुळे जवळची गिरणी आसपासच्या सगळ्यांचाच माल घेते. चांगलं तेल शेवटपर्यंत वेगळं ठेवायचं तर गिरणी, टाकी, जहाजातला कप्पा, सगळंच वेगळं हवं. हजारो हेक्टरांचा मळेवाला ते करू शकतो. इंडोनेशियातलं पामखालचं सुमारे ४० टक्के क्षेत्र छोट्या शेतकऱ्यांकडे आहे. दोन-चार हेक्टरवाल्याला ते कसं परवडावं? तेलाच्या सोवळ्यात पहिल्यांदा बाहेर राहतो तो हाच.

'राउंडटेबल ऑन सस्टेनेबल पाम ऑइल' ही संस्था २००४ साली स्थापन झाली, तेव्हा डब्ल्यूडब्ल्यूएफ, युनिलिव्हर, स्वित्झर्लंडची मिग्रोस आणि मलेशियातल्या मळेवाल्यांची संघटना एका टेबलाशी बसली. ज्यांच्यावर आरोप, त्यांनाच नियम ठरवायला बसवायचं, ही टीका तेव्हापासून होते आहे, आणि ती पोकळ नाही. प्राथमिक जंगलं वाचवण्याचे नियम आधीपासून होते, पण जंगलतोडीला जवळजवळ सरसकट मनाई करणारे निकष यायला २०१८ उजाडलं. मधल्या काळात, २०१५ च्या आगींत इंडोनेशियातली सुमारे २६ लाख हेक्टर जमीन जळाली. आज जगातलं सुमारे एक-पंचमांश पामतेल प्रमाणित आहे. वीस वर्षांची ही कमाई कमीच म्हणायची. तरीही टेबल उलथून बहिष्कार घाला, हे मला पटत नाही. पामइतकंच तेल सोयाबीनमधून काढायचं तर कितीतरी पट जमीन लागते, आणि ती जमीनही कुठल्यातरी जंगलाचीच असू शकते.

मला खरी अडचण वेगळीच दिसते. या टेबलावर मागणीचा जोर आला तो मुख्यतः युरोपातून. प्रमाणपत्र मागणाऱ्याला प्रमाणित तेल मिळतं. न मागणाऱ्याकडे उरलेलं जातं. आणि जगातला सर्वांत मोठा आयातदार, म्हणजे आपण, फारसं मागत नाही. प्रमाणित म्हणून पिकवलेल्या तेलातलाही बराच भाग तसं गिऱ्हाईक न मिळाल्याने साधं तेल म्हणून विकला जातो. म्हणजे नियम पाळणारा शेतकरी आहे, त्याचं मोल करणारा नाही.

यावर 'गरीब देशाला हे चोचले परवडत नाहीत' असं उत्तर येतं. २०२२ च्या दिवाळीत महाराष्ट्र सरकारने 'आनंदाचा शिधा' दिला : रवा, साखर, चणाडाळ आणि एक लिटर पामतेल, १०० रुपयांत. त्या तेलात चकली तळणाऱ्या बाईला बोर्निओतल्या ओरांगउटानची काळजी करायला मी सांगणार नाही. तशी सक्ती करणं अनैतिकच ठरेल. पण तेल निवडलं होतं कोणी? तिने नव्हे. दीड कोटींहून अधिक कुटुंबांसाठी एकगठ्ठा खरेदी करणाऱ्याच्या हातात जी ताकद असते, ती कुठल्याही गिऱ्हाइकाकडे नसते. बिस्किटं, फरसाण, साबण बनवणाऱ्या मोठ्या कंपन्यांचंही तेच. पुड्यामागे तेल असतं काही ग्रॅम. जास्तीची किंमत त्यात विभागली तर ती दिसणारही नाही. गरिबांचं नाव पुढे करून इथे भलत्याचीच सोय पाहिली जाते.

खरेदीच्या निविदेत तेलाची प्रत, पॅकिंग, पोचवायची मुदत असं सगळं लिहिलेलं असतं. ते पिकलं कुठे, याची एक ओळ त्यात सहज मावेल. ती घातली तर पहिली काही वर्षं बहुधा मास बॅलन्सचंच, टाकीत मिसळलेलं तेल मिळेल. माझी त्याला हरकत नाही.