बाबांचे दोन डोळे

चेन्नईतल्या एग्मोरचं सरकारी नेत्र रुग्णालय १८१९ साली सुरू झालं. लंडनच्या मूरफिल्ड्सनंतर जगातलं सर्वांत जुनं म्हणून ते ओळखलं जातं. माझ्या वडिलांच्या उजव्या डोळ्यातला मोतीबिंदू तिथेच काढला. डावा डोळा अजून व्हायचा होता, आणि मधल्या त्या काळात बाबांना एक चमत्कारिक गोष्ट कळली. "अगं, या डोळ्यानं माझा सदरा निळसर पांढरा दिसतो, आणि त्या डोळ्यानं चहा सांडल्यासारखा," ते म्हणाले. माणूस एक, सदरा एक आणि साक्षी दोन.

माझ्या मनात हा प्रश्न कॉलेजपासून आहे: आपल्या जाणिवेपलीकडे एकच एक वास्तव आहे का? जाणिवेबाहेर वस्तूच नाही असं मानणाऱ्या विज्ञानवादी बौद्धांचा आक्षेप मला कधीच हलका वाटला नाही. एक अनुभव आपण दुसऱ्या अनुभवाशीच ताडून पाहतो, वस्तूशी नाही. मग बाबांचा कुठला डोळा खरा, हे कोण ठरवणार?

रुग्णालयापासून जवळच सरकारी संग्रहालय आहे. तिथे अमरावतीच्या स्तूपावरची शिल्पं आहेत. नालागिरी हत्तीच्या वर्तुळाकार शिल्पासमोर बाबा आळीपाळीनं एकेक डोळा झाकून उभे राहिले. एकाच वर्तुळात हत्ती दोनदा कोरलाय: आधी पिसाळलेला, मग बुद्धापुढे गुडघे टेकलेला. दगडाचा रंग दोन्ही डोळ्यांना वेगळा दिसला. हत्ती मात्र दोनच राहिले आणि टेकलेले गुडघेही जागचे हलले नाहीत.

रंगातल्या फरकालाही कारण आहेच. वयानुसार डोळ्यातलं नैसर्गिक भिंग पिवळं पडतं आणि निळा प्रकाश अडवतं. तो पिवळेपणा डॉक्टरांना यंत्रातून दिसतो; बाबांना स्वतःला तो वर्षानुवर्षं कळला नव्हता. म्हणजे दोन साक्षी का जुळत नाहीत, हे सांगायला एक तिसरी, सगळ्यांना सारखीच सापडणारी गोष्ट लागली. उजव्या डोळ्याला सदऱ्याचं 'खरं' रूप दिसतं असं मी म्हणत नाही. मधमाशीला अतिनील प्रकाश दिसतो, तिचा पांढरा आपल्या पांढऱ्याहून वेगळाच असणार. पण पाहणारे बदलले म्हणून सदरा अनेक होत नाही.

जगाला अंतिम सत्य न मानणारे शंकराचार्यसुद्धा ब्रह्मसूत्रांच्या दुसऱ्या अध्यायावरील भाष्यात विज्ञानवाद्यांशी याच मुद्द्यावर भांडतात. बाहेर काहीच नसेल तर 'बाहेर असल्यासारखं' हे म्हणणं तरी कुठून आलं, असा त्यांचा रोख आहे. मला तो पटतो.

आणखी एक पुरावा मला त्याहून भक्कम वाटतो. जन्मांधाला दृष्टी आली तर हातानं ओळखीचा घन त्याला नुसत्या डोळ्यांनी ओळखता येईल का, हे मॉलिन्यू या विद्वानानं १६८८ मध्ये तत्त्वज्ञ लॉकला विचारलं होतं. दिल्लीतल्या 'प्रोजेक्ट प्रकाश'नं ऑपरेशननं दृष्टी मिळालेल्या ८ ते १७ वर्षांच्या पाच जन्मांध मुलांवर ते तपासलं. निष्कर्ष २०११ मध्ये प्रसिद्ध झाले. ऑपरेशननंतर लगेच मुलांना हातानं चाचपलेली वस्तू डोळ्यांनी ओळखता आली नाही. पण ज्यांची पुन्हा चाचणी झाली, त्यांना पुढच्या काही दिवसांत-आठवड्यांत ते जमू लागलं. स्पर्श आणि दृष्टी, दोन अगदी अनोळखी साक्षी, त्याच एका आकारावर येऊन मिळाल्या. तो आकार बाहेर नव्हताच असं मानलं तर त्या कशावर मिळाल्या, याचं उत्तर विज्ञानवादानं द्यायला हवं. मला त्याच्याकडे ते सापडलेलं नाही.