मनधरणी

दहावीपर्यंत शिकलो, त्यातलं फार थोडं ध्यानात राहिलं. संस्कृतच्या गुरुजींनी सांगितलेला भर्तृहरीचा एक श्लोक मात्र राहिला. तुकडा टाकणाऱ्यापुढं कुत्रं शेपूट हलवतं, पायाशी लोळतं, पोट दाखवतं. हत्ती शांत बघत राहतो आणि शंभरदा गोंजारल्यावर खातो. 'लांगूलचालन' हा शब्द त्याच श्लोकात आहे. लांगूल म्हणजे शेपूट. गुरुजी म्हणाले, हत्तीसारखं राहा.

हत्तीला गोंजारणाऱ्या माणसाबद्दल ते काही बोलले नाहीत. तो मला आमच्या गोठ्यात भेटला.

जोडीतला एक बैल मेला आणि दुसऱ्यानं वैरण सोडली. दादा, म्हणजे आमचे वडील, रात्र रात्र त्याच्याजवळ बसायचे. गळ्याखाली खाजवायचे, कडब्याची मऊ पानं तोंडाशी धरायचे. "खा रं राजा, थोडं तरी खा." चौथ्या दिवशी त्यानं तोंड लावलं. ही मनधरणी. तिच्यात दादांना कमीपणा वाटला नाही, आम्हालाही दिसला नाही.

तेच दादा पीककर्जासाठी एका साहेबाच्या दारात शेंगांचं गाठोडं घेऊन उभे राहिले, तेव्हा माझी मान खाली गेली. आर्जव दोन्हीकडं होतं. पण गोठ्यात दादांची नजर बैलाच्या मनाकडं होती, इथं साहेबाच्या हाताकडं. आज मी दादांना दोष देत नाही. घरात बियाणं नसलेला माणूस वाकला, तर आधी वाकवणाऱ्याकडं बघावं.

दोष माझा आहे. साहेबांपुढं मीही जन्मभर 'होय जी, होय जी' केलं. धाकट्या भावाशी मात्र वीतभर बांधावरून नऊ वर्षं अबोला धरला. बायको म्हणायची, "तुम्ही थोरले, जाऊन बोला की." मी म्हणायचो, "त्याची मनधरणी मी का करू?" साहेबाच्या दारात हरवलेला मान भावाच्या दारात बरोबर सापडायचा.

गेल्या पोळ्याला गेलो. तो बैल धूत होता. बोलायला काही सुचेना, म्हणून एका बैलाचं दावं धरून उभा राहिलो. बराच वेळ तोही बोलला नाही. मग शिंगांना लावायचा हिंगूळ त्यानं माझ्या हातात दिला.

बांध अजून तिथंच आहे. वीतभरच आहे.