रिकामी फेरी परवडेल अशी होडी

मासेमारीत हिंसा आहे हे मान्य करूनच तिच्या नीतीचा विचार सुरू होतो. मासा जाळ्यात सापडतो, पाण्याबाहेर तडफडतो आणि मरतो. कोणत्याही शास्त्रार्थाने हे पुसले जात नाही. प्रश्न उरतो तो या हिंसेला मर्यादा कोणती आणि ती ठरते केव्हा, हा. सर्वसाधारण समज असा की ती समुद्रावर ठरते: लहान मासळी पाण्यात परत टाकायची की टोपलीत, जाळे आणखी एकदा सोडायचे की घरची वाट धरायची. प्रत्यक्षात यातला पुष्कळसा निर्णय कितीतरी आधी, किनाऱ्यावरच, तरुण मच्छीमार पहिली होडी घेतो त्या दिवशी होऊन गेलेला असतो.

भारतीय परंपरेने या चर्चेत मच्छीमाराला फार पूर्वीच जागा दिली आहे. पतंजलींच्या योगसूत्रांत, दुसऱ्या पादातील ३१ व्या सूत्रात, जाती, देश, काल आणि समय यांच्या मर्यादा ओलांडलेल्या व्रतांना महाव्रत म्हटले आहे. त्यावरील व्यासभाष्य मर्यादित अहिंसेचे पहिलेच उदाहरण मासे मारणाऱ्याचे देते: त्याची हिंसा माशांपुरती, इतर प्राण्यांच्या बाबतीत नाही. पुढे देशाची मर्यादा येते, तीर्थाच्या ठिकाणी मारणार नाही. मग कालाची, चतुर्दशीला किंवा पुण्यदिवशी मारणार नाही. योग्याच्या दृष्टीने ही अपुरी अहिंसा, आणि भाष्यकाराला दाखवायचेही तेच आहे. तरी तिची गणना त्याने अहिंसेतच केली, हिंसेत नाही. ज्याचे पोट मासळीवर आहे त्याला धर्माच्या बाहेर न काढता, काही ठिकाणी आणि काही काळ हात आवरण्याची वाट इथे मोकळी राहते.

कोकण किनाऱ्यावर अशीच एक कालमर्यादा आजही पाळली जाते. पावसात होड्या वर ओढून शाकारून ठेवतात आणि नारळी पौर्णिमेला समुद्राला नारळ अर्पण केल्यावर मासेमारीचा नवा हंगाम धरतात. खवळलेला समुद्र हे त्याचे उघड कारण; पण याच दिवसांत मासळीच्या अनेक जातींची वीण होते, त्यामुळे माणसाच्या जिवासाठी घेतलेली विश्रांती माशांच्याही उपयोगी पडते. कायद्याने आता पश्चिम किनाऱ्यावर १ जून ते ३१ जुलै हे ६१ दिवस यांत्रिक नौकांना बंदी घातली आहे.

महाभारताच्या वनपर्वातला मिथिलेचा धर्मव्याध वेगळ्या बाजूने बोलतो. तो मांस विकतो, मात्र स्वतः प्राणी मारत नाही, आणि कौशिक ब्राह्मणाला सांगतो की नांगर धरणाऱ्याच्या हातूनही मातीतले असंख्य जीव मरतात. मच्छीमाराला यातून दिलासा मिळतो, पण तो अर्धाच. हिंसा सर्वत्र आहे एवढ्याने कमी हिंसा आणि जास्त हिंसा यांतला फरक नाहीसा होत नाही.

तो फरक मृगसेन धीवराच्या जैन कथेने नेमका धरला आहे. मुनींनी मृगसेनाला धंदा सोडायला सांगितले नाही. जाळ्यात येईल तो पहिला मासा सोडून द्यायचा, एवढेच व्रत दिले. पहिला मासा आला; त्याने ओळखीची खूण बांधून तो सोडला. पुन्हा जाळे टाकले तर तोच मासा. असे पाच वेळा झाले. मृगसेन रिकाम्या हाताने घरी गेला आणि बायकोने त्याला दाराबाहेर ठेवले. पुढच्या जन्मी पाच वेळा त्याचा जीव वाचला, हे कथेतले व्रताचे फळ. पण आजच्या तरुणासाठी खरा विचार करायचा तो त्या रिकाम्या परतण्याचा. मृगसेनाला व्रतापायी एक रात्र उपाशी राहावे लागले आणि घरात भांडण झाले. किंमत जड होती, तरी ती मोजणे त्याच्या हातात होते. त्याच्या जाळ्यावर बँकेचा हप्ता नव्हता, व्यापाऱ्याची उचल नव्हती, डिझेलचे बिल नव्हते.

परवडणारी होडी म्हणजे काय, हे इथे स्पष्ट होते. बाजारात जिची किंमत सर्वांत कमी ती परवडणारी, असे नव्हे. जिची फेरी अधूनमधून रिकामी गेली तरी घर चालते, ती परवडणारी. फेरी रिकामी आणणे ज्याला शक्यच नाही, त्याच्यापुढे लहान मासळी सोडण्याचा प्रश्न उभाच राहत नाही. कर्जाचा आकार जाळ्याच्या आसाचा, म्हणजे छिद्रांचा, आकार ठरवू लागतो. व्यापाऱ्याकडून उचल घेतली असेल तर मासळी त्यालाच, त्याच्याच भावाने द्यावी लागते, आणि कमी भावाची भर जास्त मासळीने काढावी लागते.

म्हणून नवशिक्याने सुरुवात दोघांना हाताळता येईल अशा, किनाऱ्यालगत चालणाऱ्या लहान होडीने करावी, आणि तिच्यावर गळ किंवा योग्य आसाचे तरते जाळे वापरावे. गळाला मासा एकेक लागतो. तरत्या जाळ्यातून आसापेक्षा लहान मासळी बरीचशी निसटते. डोल जाळ्याचे तसे नाही. ते एका जागी रोवलेले असते आणि भरती-ओहोटीचा प्रवाह आणेल ते सगळे, पापलेटच्या पिल्लांसकट, त्याच्या पोटात जाते. समुद्राचा तळ खरवडणारा ट्रॉलर तर निवडीला फारच थोडी जागा ठेवतो. सिल्व्हर पापलेट २०२३ मध्ये महाराष्ट्राचा राज्यमासा झाला आणि लहान मासळी पकडण्यावर निर्बंधही आले. पण निर्बंध पाळणे कोणाला सोपे जाते, ते साधनच ठरवते.

यावर एक आक्षेप घेतला जातो आणि तो खरा आहे. मोठ्या पर्ससीन नौका थवेच्या थवे घेरून नेत असताना लहान कोळ्याला संयम शिकवणे अन्यायाचे नाही का? आहेच. समुद्राच्या नासाडीचा भार सर्वांत दुबळ्याच्या शिरावर टाकता येत नाही, आणि मोठ्यांना आवरणे हे शासनाचे कर्तव्य आहे. मात्र कर्ज काढून मोठी नौका घेतल्याने हा अन्याय दूर होत नाही; तरुण फक्त त्या शर्यतीत ओढला जातो, तोही सर्वांत कमी भांडवलानिशी. प्रधानमंत्री मत्स्यसंपदा योजनेत २०२० पासून पारंपरिक मच्छीमारांना होडी-जाळ्यांसाठी साहाय्याची तरतूद आहे. तिचा उपयोग कर्ज कमी करण्यासाठी व्हावा, होडी मोठी करण्यासाठी नव्हे.

काटकसरीलाही एक हद्द आहे. माशांवरची हिंसा कमी करताना सोबत्याचा जीव धोक्यात घालणे धर्मात बसत नाही. व्यासभाष्यातल्या मच्छीमाराची हिंसा माशांपुरतीच असते. गळकी होडी ती मर्यादा मोडते आणि माणसापर्यंत पोचते. लाइफ जॅकेट, नोंदणी, परवाना आणि विमा यांचा खर्च किमतीतच धरावा, आणि तो झेपत नसेल तर एकट्याने होडी घेण्याऐवजी दोघा-तिघांनी वाट्याने घ्यावी. इंजिन पहिल्याच वर्षी हवे असेही नाही. बिनयांत्रिक होडी पावसाळी बंदीतून वगळलेली आहे, अर्थात त्या दिवसांत खाडीबाहेर न जाणेच शहाणपणाचे.

जुनी होडी घेताना ती पाण्याबाहेर असतानाच पाहावी. लाकडी होडीत पाण्याखाली राहणाऱ्या फळ्या टोकदार हत्याराने टोचून कीड लागली आहे का ते तपासावे, खिळ्यांभोवतीचा गंज आणि आतल्या आडव्या लाकडांचे जोड पाहावेत. फायबरच्या होडीत ठोकून आवाज ऐकावा. पोकळ वाजेल तिथे थर सुटलेला असतो. मे अखेरीस होड्या वर ओढल्या जातात, तेव्हा हे सर्व सावकाश, जाणत्या तांडेलाला सोबत घेऊन करता येते, आणि पुढचे दोन महिने डागडुजीला मिळतात.