पांचवी चिमणी

अंगणांत जोंधळा वाळत घातला कीं चिमण्या उतरतात, आणि आम्ही काठी उचलतों. परंतु तीच चिमणी आपल्या पिलांस बहुधा अळ्या व किडे भरविते. चीन देशांत १९५८ सालीं चिमण्यांचा संहार आरंभिला. किडीचा उपद्रव वाढला, आणि १९६० सालीं तो हुकूम फिरवावा लागला. तथापि उपयोगी म्हणून केलेली मैत्री ती मैत्री काय? तो तर हिशेब! मत्तय सांगतो, दमडीला दोन चिमण्या. लूक सांगतो, दोन दमड्यांना पांच. म्हणजे पांचवी वर घातलेली, बिनमोलाची. तरी देवाला तिचा विसर नाहीं. आमच्या वळचणीच्या चिमणीनें कीड किती खाल्ली हें आम्हीं मोजिलें नाहीं. परळांत पाणी ठेवितों. तें पिऊन ती पुन्हां जोंधळ्याकडे जाते.