तळहातावरचा भार

मामिया आरबी 67 हा कॅमेरा लेन्ससकट अडीच किलोच्या आसपास भरतो. 1970 साली जपानमध्ये निघालेलं हे यंत्र मुळात स्टुडिओतल्या स्टँडवर बसवायचं. तरीही काही छायाचित्रकार ते गळ्यात अडकवून, हातात धरून उन्हातान्हात फिरतात. 120 आकाराच्या फिल्मच्या एका रोलवर त्याचे जेमतेम दहा फोटो निघतात. खिशातल्या मोबाइलवर हवे तितके फोटो निघत असताना हे ओझं कशासाठी वाहायचं? मनगट भरून येतं, मान अवघडते. एवढ्या कष्टाने पाहणं अधिक खरं होतं का? वरवर पाहता हा कॅमेऱ्याचा प्रश्न आहे, पण धर्मविचाराला तो जुनाच आहे. देहाला झालेल्या श्रमाचं स्वतःचं असं काही पुण्य असतं का?

धाराशिव जिल्ह्यातल्या मुरुमला या प्रश्नाचं एक घरगुती उत्तर सापडतं. उमरगा तालुक्यातलं हे गाव कर्नाटकच्या सीमेजवळ. मराठीबरोबर कन्नडही इथल्या कानांना परकी नाही. पूर्वेला, सीमेपलीकडे बसवकल्याण. बाराव्या शतकात महात्मा बसवेश्वर आणि त्यांच्याभोवती जमलेले शरण, म्हणजे शिवभक्त, तिथे देव, देह आणि कष्ट यांविषयी नव्याने बोलू लागले. पुढे बीड जिल्ह्यातल्या कपिलधारच्या मन्मथस्वामींनी 'परमरहस्य' लिहून वीरशैव विचार मराठीत रुजवला.

शरणांचा वारसा मानणाऱ्या इथल्या लिंगायत घरातली सकाळ पाहावी. आंघोळ करून, कपाळाला विभूती लावून माणूस पूजेला बसतो. गळ्यात शिवदाऱ्याने बांधलेलं इष्टलिंग, म्हणजे अंगावर वागवायचं छोटं शिवलिंग, काढून डाव्या तळहातावर घेतो. पाणी, विभूती, बेलाचं पान. मग तो तळहात डोळ्यांसमोर येतो आणि नजर त्या काळ्या, तुळतुळीत गोलाव्यावर ठरते. मध्ये पुजारी नाही, गाभारा नाही, रांग नाही. हात स्थिर तर नजर स्थिर.

रोलायफ्लेक्स, याशिकामॅट किंवा हॅसलब्लाड हाताळणाऱ्याला ही बैठक ओळखीची वाटेल. या कॅमेऱ्यांत सहसा मान खाली घालून वरून काचेत पाहायचं असतं. वजन डाव्या तळहातावर येतं, पट्टा मानेवर ताणला जातो, कोपरं बरगड्यांना टेकतात. काचेवरचं चित्र डावं-उजवं उलटं दिसतं: बाजारातली बाई डावीकडे निघाली की काचेत ती उजवीकडे सरकते, आणि सवय नसलेला माणूस तिच्यामागे भलत्याच दिशेला वळतो. श्वास सोडायचा, क्षणभर थांबायचं आणि बटण दाबायचं. 80 मिलिमीटरची लेन्स असेल तर 1/125 सेकंदाहून सावकाश जायला हात धजत नाही. इथे वजन वैरी ठरत नाही, कारण जड वस्तू बोटाच्या दाबाने सहजी हलत नाही. आरबी 67चा मोठा आरसा मात्र धाडकन वर उडतो, आणि तो हादरा तळहाताला सोसावा लागतो.

हे साम्य फार ताणू नये. इष्टलिंगाकडे लागलेली नजर आत वळते, कॅमेऱ्याची नजर समोरच्या माणसाकडे जाते. पण शरणांच्या विचारात समोरचा माणूसही परका राहत नाही. दगडी देवळापेक्षा चालता-बोलता देह हेच देवाचं घर, हा बसवेश्वरांचा आग्रह होता. स्थावराहून जंगम मोठं मानणारी ही परंपरा आहे.

छायाचित्रणही स्थावराकडून जंगमाकडे सरकलं. मुरुम 1948 पर्यंत निजामाच्या संस्थानात होतं. त्या दरबाराचे छायाचित्रकार राजा दीनदयाळ यांचं युग लाकडी कॅमेऱ्याचं, तिवईचं आणि काचेच्या जड प्लेटांचं. फोटो काढून घेणाऱ्याने समोर येऊन न हलता थांबायचं. 1929 साली रोलायफ्लेक्स आला आणि कॅमेरा माणसांच्या दारी जाऊ लागला. मुंबईच्या जे. जे. स्कूलमध्ये शिकलेल्या होमाई व्यारावाला साडी नेसून, स्पीड ग्राफिक आणि रोलायफ्लेक्स घेऊन दिल्लीत सायकलवरून हिंडत. दयानिता सिंग यांनी अनेक वर्षं हॅसलब्लाड वापरला. 2022 साली त्यांना हॅसलब्लाड पुरस्कार मिळाला.

मग पुण्याचं काय? शरणांनी व्रतं, उपवास, तीर्थयात्रा यांतल्या देहदंडाला थोरवी दिली नाही. थोरवी दिली ती कायकाला, म्हणजे अंगमेहनतीच्या प्रामाणिक कामाला. अंबिगर चौडय्या नाव चालवत, नुलिय चंदय्या दोर वळत, आणि त्याच कामात त्यांची पूजा होई. या न्यायाने मनगट दुखलं म्हणून फोटो थोर ठरत नाही. अडीच किलो वाहून नेल्याचा अभिमान हा उपवासाच्या अभिमानासारखाच पोकळ. त्या भाराने काम नीट होत असेल, तरच त्याला अर्थ.

काम नीट होतं ते कसं, हे शरण आयदक्की मारय्या आणि त्यांची पत्नी लक्कम्मा यांच्या कथेत दिसतं. मारय्या सांडलेले तांदूळ वेचून आणत आणि त्यातून शरणांना जेवू घालत. एकदा त्यांनी गरजेपेक्षा जास्त तांदूळ आणले, तेव्हा लक्कम्माने ते परत नेऊन टाकायला लावले. जास्तीचं घेणं हा तिच्या लेखी कायकाचा भंग होता. दहा-बारा फोटोंचा रोल आणि हातातलं ओझं छायाचित्रकाराला हीच शिस्त लावतात. तुरीच्या शेतात उभ्या असलेल्या शेतकऱ्याचा फोटो काढायचा तर आधी त्याच्याशी बोलावं लागतं, उजेड पाहावा लागतो, हात भरून येण्याआधी ठरवावं लागतं. त्याच्या चेहऱ्यातलं गरजेपुरतं घेऊन निघावं लागतं. जड कॅमेऱ्याची खरी किंमत इथे आहे, आणि मोबाइल वापरणाऱ्यानेही ती शिस्त पाळली तर तो याच पंक्तीत बसतो.

यंत्राची पूजा मात्र नको. अपोलोच्या अंतराळवीरांनी चंद्रावर हॅसलब्लाड नेले, आणि परतताना वजन वाचवण्यासाठी त्यातले बारा कॅमेरे तिथेच सोडले. फिल्म तेवढी घरी आणली.

मराठवाड्यातल्या जुन्या फोटो स्टुडिओवाल्यांच्या घरी कपाटात एखादा याशिकामॅट पडून असेल, तर तो भंगारात घालू नका. 1901 साली कोडॅकने काढलेला 120चा रोल कोडॅक आणि इलफर्ड आजही बनवतात. एक रोल भरा, आणि ओळखीच्या दहा-बारा माणसांच्या दारी जा.