आठवण खरी कधी म्हणावी?

एखाद्या गावाची आठवण खरी की खोटी, हे कोणी ठरवायचे? आम्ही शिक्षक, हा अधिकार आपलाच, असे आम्हाला वाटत असे. एकदा ‘हमारा गांव’ या निबंधात सातवीतल्या एका मुलीने कोयना धरणात बुडालेल्या गावाचे वर्णन केले. ते गाव तिने पाहिलेले असणे शक्यच नव्हते. आम्ही लाल शाईने शेरा मारला, ‘पाहिलेले लिही.’ पुढचा निबंध तिने शाळेच्या रस्त्यावर लिहिला. तो बिनचूक होता आणि निर्जीव होता.

एडवर्ड एल्गार या इंग्रज संगीतकाराची एक रचना ऐकताना तो शेरा आम्हाला टोचू लागला. १९०१ साली एल्गार वेल्सच्या समुद्रकाठी सुटीला गेले होते. तिथे दुरून माणसांच्या गाण्याचा आवाज आला. शब्द कळले नाहीत. सूर खाली उतरण्याची एक लकब तेवढी मनात राहिली. पुढे हेरफर्डजवळ, वाय नदीच्या खोऱ्यात, तसेच गाणे कानी पडले आणि जुनी आठवण जागी झाली. त्या आठवणीतून केवळ तंतुवाद्यांसाठी ‘इंट्रोडक्शन अँड अलेग्रो’ ही रचना झाली. ८ मार्च १९०५ रोजी लंडन सिंफनी ऑर्केस्ट्राने ती प्रथम वाजवली. तिच्यात चार वादकांचा लहान संच आहे आणि सोबत मोठा वाद्यवृंद. ती धून आधी एकटा व्हायोला वाजवतो, मग इतर वाद्ये ती उचलतात.

पण ही धून वेल्सचे लोकगीत नव्हे. ऐकलेल्या गाण्यातली ती लकब तेवढी घेऊन एल्गार यांनी ती स्वतः रचली. मग याला लबाडी म्हणावे काय? आम्हाला तसे वाटत नाही, कारण ही सारी हकिगत त्यांनी स्वतःच लिहून लोकांसमोर ठेवली.

अमानत म्हणजे वस्तू जशीच्या तशी परत करणे, असे आपण मुलांना शिकवतो. आठवण मात्र जशीच्या तशी राहतच नाही. एका मनातून दुसऱ्या मनात जाताना ती बदलते. न बदलली तर ती पोहोचतच नाही. तेव्हा तिच्या बाबतीत इमानदारी एवढीच, की ती कोणाकडून आली ते लपवू नये.

ती वही आम्ही पुन्हा मागून घेतली. निबंधाची पहिलीच ओळ होती, ‘दादी सांगते.’ मुलीने हिशेब चोख दिला होता. आम्हीच तो वाचला नव्हता. लाल शेरा खोडून आम्ही खाली आमची चूक कबूल केली आणि सही केली.