चौकटीची हद्द

अखंड चैतन्याला जीवपणाची मर्यादा कशी पडली, या प्रश्नावर अद्वैत वेदान्तात जो मतभेद झाला, त्यात वाचस्पतिमिश्रांच्या ‘भामती’ला मानणाऱ्यांनी घटाने वेढलेल्या आकाशाचा दृष्टान्त पुढे करून अवच्छेदवाद मांडला, तर विवरण-परंपरेने जीवाला प्रतिबिंब मानले. फिल्मच्या कॅमेऱ्यात या दोन्ही गोष्टी एकत्र घडतात: भिंग प्रतिबिंब पाडते आणि मागचे धातूचे गेट त्याला हद्द घालते. म्हणूनच जुन्या कॅमेऱ्याचे गेट घरच्या घरी कानशीने रुंद करणाऱ्या हौशी माणसांचा उद्योग मला निव्वळ कारागिरीचा वाटत नाही.

कोडॅकने १९२३ साली १६ मिलिमीटरची फिल्म काढली, तेव्हा तिच्या दोन्ही कडांना छिद्रे होती; पुढे बोलपटांच्या प्रतींत एका कडेची छिद्रे जाऊन ती पट्टी ध्वनीच्या स्वाधीन झाली, पण चित्रीकरणाच्या वेळी ती कोरीच पडून राही. स्वीडनचे छायालेखक रूने एरिक्सन यांनी ती चित्राच्या ताब्यात दिली, आणि १०.२६ मिलिमीटरची चौकट १२.५२ मिलिमीटर रुंद झाली. विल्गोट श्योमान यांचा १९७० सालचा एक चित्रपट याच रीतीने घेतला गेला. मॉस्कोजवळच्या क्रास्नोगोर्स्कच्या कारखान्यात बनलेल्या, चावीवर चालणाऱ्या ‘क्रास्नोगोर्स्क-३’ या कॅमेऱ्यावर हौशी लोक आज तेच संस्करण स्वतः करतात.

काम सव्वादोन मिलिमीटरचे. पण कापलेल्या कडेवर बोटाला न जाणवणारी कणी जरी राहिली, तरी धावत्या फिल्मवर ती सलग ओरखडा काढीत जाते, आणि ज्या कोऱ्या पट्टीवर यंत्राची चाके आजवर निर्धास्त टेकत होती, तिथे आता चित्र आल्यामुळे त्या चाकांनाही घासून मागे हटवावे लागते. ज्या भागाकडे आपण कधी पाहिलेच नाही, त्याच भागावर आपला सगळा आधार टेकलेला असावा, हे मला फार विचार करायला लावते.

कानस प्रकाश निर्माण करीत नाही. तो त्या धातूवर पूर्वीही पडतच होता. उपाधी, म्हणजे मर्यादा घालणारी घटासारखी वस्तू, दूर होताच स्वयंसिद्ध वस्तू प्रकटते, असे अवच्छेदवादी यावर म्हणतील, आणि ते खरेही आहे. मग गेट काढूनच का टाकू नये? कारण फिल्मवर एका चौकटीला लागूनच दुसरी असते; आडकाठी गेली की एका क्षणाचे चित्र शेजारच्या क्षणावर चढेल आणि दोन्ही नासतील. म्हणून एरिक्सन यांनी उंचीला जवळजवळ हात लावला नाही, जी जागा कोणाच्याच वहिवाटीत नव्हती तिकडेच ते सरकले. देहधारी जीवाच्या ज्ञानापुरते तरी उपाधीला केवळ आवरण म्हणणे मला म्हणूनच मान्य नाही.

आणि हद्द वाढवल्यावरही भिंग जुन्या जागी ठेवून भागत नाही. त्याला एक मिलिमीटरहून किंचित अधिक नव्या भूमीकडे सरकवावे लागते, नाहीतर चित्राचा मध्य एकीकडे आणि भिंगाचा दुसरीकडे राहून एखाद्या कोपऱ्यात काळोख चढतो. जीवाची दृष्टी विस्तारताना त्याच्या अहंकारालाही असेच स्थलांतर करावे लागते काय, याचा निर्णय घटाकाशाच्या दृष्टान्तातून होत नाही. कारण घट कितीही मोठा घडवला, तरी आकाशाला मध्य नसतो.